किलोमागे हजार रुपये

आजारपणाबद्दल लिहिताना माणसानं गंभीर व्हावं अशी अपेक्षा असते. मला ते जमत नाही. आज सकाळी माझी उपाशीपोटीची साखर एकशे आठ आली आणि ती बातमी मी शेजारच्या तीन घरांत सांगून आलो. बायको म्हणाली, "दहावी पास झाल्यावानी काय सांगत फिरताय?" पण मला खरंच तसं वाटतंय. गेल्या हंगामात माझा आजार सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वाढत होता आणि लोक त्याबद्दल माझं अभिनंदन करत होते. मी स्वतःही करत होतो. असं दुसऱ्या कुणाचं होऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

योजना

माझं नाव भागवत. वय एक्केचाळीस. माजलगाव भागातल्या एका साखर कारखान्यात मी वजनकाट्यावर क्लार्क आहे. ऊस भरलेली गाडी काट्यावर आली की तिचं वजन घ्यायचं, ऊस खाली करून ती परत आली की रिकाम्या गाडीचं घ्यायचं. दोन्हींतला फरक म्हणजे ऊस. काम सोपं आहे, पण डोळे उघडे ठेवावे लागतात. कुणी उसावर पाणी मारून आणतं, कुणी गाडीचं वजन होताना स्वतःच काट्यावर उभं राहतं. मी खिडकीतून ओरडतो, "मालक, खाली उतरा, तुमचं गाळप व्हायचं न्हाई."

आमच्या घरात शाळेची पायरी चढलेला मी पहिला. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, केज तालुक्यात युसूफ वडगावच्या बाजूला मेंढरं राखायचे. मेंढरं विकून त्यांनी मला बी.कॉम. केलं. खुर्चीवर बसायची नोकरी मिळाली याचा त्यांना आणि मला इतका आनंद होता की मी पंधरा वर्षं खुर्चीवरून उठलोच नाही म्हणायला हरकत नाही. वजन सत्त्याण्णव किलो, उंची पाच फूट पाच इंच.

दिवाळीनंतर कारखान्याच्या नव्या साहेबांनी फलकावर एक सूचना लावली. आदल्या हंगामात आमच्यातल्या दोघांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता, ते त्यांनी मनावर घेतलं होतं. ज्यांचं वजन जास्त आहे त्यांनी नाव द्यावं. हंगाम संपेपर्यंत जितके किलो कमी, तितके हजार रुपये कारखाना देईल. दर महिन्याला हजेरी लागते त्या टाइम ऑफिसात वजन होईल.

गाड्यांना नंबराप्रमाणे आत सोडणारा आमचा यार्ड सुपरवायझर अंगद माझा जुना दोस्त. तोही माझ्यासारखाच गोल. सूचना वाचून तो म्हणाला, "आपला कारखाना लई हुशार हाय बे. शेतकऱ्याला वाढवायचे पैसे देतो अन् आपल्याला घटायचे."

मी घरी गेलो ते उडतच. माझी बायको सुनीता ब्लाउज शिवते. साडीला पिको करायचं मशीन घ्यायचं तिच्या मनात दोन वर्षांपासून होतं. मी म्हणालो, "घेतलंच समज. फक्त मला जेवायला कमी वाढ."

ती म्हणाली, "वाढते मीच कमी. तुमी परत मागता त्याचं काय?"

पहिलं वजन

आता जे सांगतो ते सांगायला मला लाज वाटते, पण त्यावरच पुढचं सगळं उभं आहे.

पहिलं वजन जितकं जास्त, तितका नंतरचा फरक मोठा. हे काट्यावर बसणाऱ्याला कुणी शिकवायला लागत नाही. वजनाच्या दिवशी मी आणि अंगद दुपारी पोटभर जेवलो, कारखान्याच्या फाटकासमोरच्या रसवंतीवर गेलो आणि चार-चार ग्लास उसाचा रस प्यालो. खिशात दोन्ही मोबाईल, केबिनच्या किल्ल्यांचा जुडगा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या ओल्या उसावर ओरडणारा मी स्वतः ओला होऊन काट्यावर चढलो.

टाइम ऑफिसात वजन घ्यायला कारखान्याच्या दवाखान्यातले कंपाउंडर रफिकभाई बसले होते. त्या पहिल्या दिवशी वजनासोबत ते रक्तदाब आणि बोटातून साखरही बघत होते; पुढं दर महिन्याला हजेरीवाला नुसतं वजन घेणार होता. माझ्या बोटाला सुई टोचून त्यांनी यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"भागवतभाऊ, तीनशेच्या वर दाखवतंय. काही गोड खाऊन आलात का?"

"रस प्यालो आत्ता."

"किती?"

"एक ग्लास," मी म्हणालो.

"एका ग्लासानं एवढी न्हाई चढत. उद्या सकाळी उपाशीपोटी या. परत बघू. वजनही परत घेऊ."

वजनही परत घेऊ. त्या तीन शब्दांमुळे मी दुसऱ्या दिवशी गेलो नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. साखर रसामुळेच आली असणार, चार ग्लास काय थोडे झाले, अशी मी मनाची समजूत घातली. रफिकभाईंनी दोनदा निरोप पाठवला. काट्यावर गाड्यांची रांग आहे, असं मी कळवलं. रांग खरंच होती.

फलकावर पहिलं नाव

पुढचे दोन महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत आनंदाचे होते, हे मी आजही नाकारत नाही.

वजन उतरायला लागलं. पहिल्या महिन्यात पाच किलो, दुसऱ्या महिन्यात सहा. मी सकाळी अर्धा तास चालत होतो खरा, पण अंगद तासभर चालून दोन किलोवर अडकला होता. मला भूक तर आधीपेक्षा जास्त लागायची आणि मी खातही होतो. तरी वजन उतरत होतं. फलकावर दर महिन्याला यादी लागायची आणि वर माझं नाव. ट्रॅक्टरवाले काट्यावर गाडी लावता लावता विचारायचे, "साहेब, काय करता ओ नक्की?" मी त्यांना गरम पाणी प्या, रात्री भात बंद करा, असे सल्ले द्यायचो. दोघांनी ते लिहून घेतले होते.

सुनीतानं माझ्या पँटी दोनदा कमरेत आत घेतल्या. पिको मशीनबद्दल तिनं दोन गिऱ्हाइकांना सांगूनही टाकलं होतं.

तहान फार लागत होती. मला वाटायचं, मी पाणी जास्त पितो म्हणून बारीक होतोय. खरं उलटं होतं. तासातासाला लघवीला उठावं लागायचं, तर अंगद म्हणायचा, "हा गडी किलो तिकडंच सोडून येतो वाटतं." आम्ही हसायचो. पायात गोळे यायचे, ते चालण्यामुळे. दुपारी झोप यायची, ती हंगामाच्या जागरणामुळे. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला कारण तयार होतं.

आबांचा हात

वेळ अमावस्येला आम्ही युसूफ वडगावला गेलो. आमच्याकडे त्या दिवशी सगळं गाव रानात जेवतं. कडब्याची कोप म्हणजे छोटी खोपटी करायची, पांडवांची पूजा करायची आणि मग भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, आंबील. भज्जी म्हणजे सगळ्या शेंगा-पालेभाज्या बेसनात शिजवलेल्या. मी त्या दिवशी किती खाल्लं ते सांगत नाही. आंबिलीचे तांबे किती प्यालो तेही नाही.

आबा समोर बसून बघत होते. जेवण झाल्यावर ते माझ्या मागं येऊन बसले. मला वाटलं, पाठीवरून हात फिरवायचा असेल. त्यांनी हात ठेवला तो कमरेच्या वर, कण्याच्या दोन्ही बाजूंना, अंगठा आणि बोटं रुतवून. मेंढरू बाजारात घेताना ते असाच हात ठेवतात. लोकर कितीही दाट असो, आत मांस आहे की नुसतं हाड, ते बोटांना कळतं.

"भागवता, तू आजारी हायस."

"आबा, मी वजन कमी केलंय. कारखान्याची योजना हाय. किलोमागं हजार रुपये देतेत."

"वाळायचे?"

"हां."

"वाळायचे पैसे कोण देतंय रे? म्या जन्मात वाळल्याल्या मेंढराला जास्त भाव आल्याला बघितला न्हाई."

सगळे हसले. आबा हसले नाहीत. म्हणाले, "उपाशी ठिवल्यावर जनावर वाळतं, ते मला कळतं. तू आत्ता दोन माणसांचं खाल्लंस. खाऊन बी वाळतंय ते जनावर आजारी असतंय. मंग ते कितीबी उड्या मारू दे. सुनीता, याला दवाखान्यात ने."

मला राग आला. शिकलेला मी, काट्यावर बसणारा मी, आणि हे मला मेंढरासारखं चाचपून निदान सांगताहेत. परतताना मोटारसायकलवर मी सुनीताला म्हणालो, "आबांचं आता वय झालं." घरी आल्यावर ती म्हणाली, "पँट आत घेताना मलाबी भ्या वाटलं व्हतं. मी बोलले न्हाई, मशीनपायी."

तरीही मी दवाखान्यात गेलो नाही.

आठाचा तीन

गेलो तो आठवड्यानं, आणि स्वतःच्या पायानं नाही. सकाळपासून खिडकीबाहेरचं सगळं मला धुरकट दिसत होतं. काच पुसली, चष्म्याचं बघू म्हटलं. एका ट्रॅक्टरच्या नंबरातला आठ मला तीन दिसला आणि त्याचा ऊस मी दुसऱ्याच्या नावावर घेतला. अंगदनं दहा मिनिटांत चूक पकडली आणि भांडायलाच केबिनमध्ये आला.

"कावून बे, आंधळा झाला का?"

मी उठायला गेलो आणि टेबल धरूनही खाली बसलो. अंगदनं मला उचललं. नंतर तो म्हणाला, "त्यावेळी कळलं, तुझ्यात कायच उरलं न्हाई. मी तुला लेकरावानी उचलला."

माजलगावात पहिल्या दवाखान्यात यंत्रानं माझी साखर दाखवलीच नाही. यंत्राला जेवढं मोजता येतं त्याच्या ती वर होती. तिथून गाडीत घालून बीडला. वाटेत सुनीतानं माझा हात धरला होता आणि मी तिला सांगत होतो की टाइम ऑफिसात कळव, या महिन्याचं वजन राहिलंय. हे मला आठवत नाही. तिला आठवतं.

नऊ दिवस

दवाखान्यात मी नऊ दिवस होतो, त्यातले पहिले तीन दिवस तासातासाला बोट टोचत होते. सलाईन एका हातात, इन्सुलिन दुसऱ्या. सिस्टर यायच्या, टोचायच्या आणि आकडा मोठ्यानं वाचायच्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आकडा पहिल्यांदा तीनशेच्या खाली आला, तेव्हा शेजारच्या खाटेवरचे पाली गावचे एक मास्तर म्हणाले, "वा, भागवतराव, उतरतीला लागलात तुम्ही." त्या मास्तरांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांच्या पायाचा अंगठा मधुमेहानं गेला होता आणि ते मला रोज सकाळी तळपाय आरशात कसे बघायचे ते शिकवायचे.

मला मधुमेह आहे, बहुधा बऱ्याच दिवसांपासून आहे, आणि उतरलेलं वजन हे शरीरानं स्वतःला खाऊन कमी केलेलं आहे, हे डॉक्टर मॅडमनी शांतपणे समजावून सांगितलं. मी रडलो. सुनीता रडली नाही, तिनं वही काढून मॅडमचं बोलणं लिहून घेतलं.

मग मॅडम म्हणाल्या, "आता वजन थोडं परत येईल. घाबरायचं नाही. यायलाच हवं."

"किती?"

"सहा-सात किलो."

मी मनातल्या मनात हिशेब केला आणि विचारलं, "मॅडम, इन्सुलिन मार्चनंतर सुरू केलं तर चालेल का?"

त्यांना समजलंच नाही. मी योजना सांगितली, शेवटचं वजन हंगाम संपताना आहे हेही सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मार्चनंतर सुरू केलं तर वजन करायला तुम्ही असाल का, ते मी सांगू शकत नाही."

सुनीता हे सगळं ऐकत होती. संध्याकाळी मी म्हणालो, "तुझ्यासाठीच म्हणलो होतो मी." तेव्हा ती म्हणाली,

"मशीन मला पाहिजे. न्हाई म्हणत न्हाई मी. पर तुमी गेल्यावर मी कुणाची पँट आत घिऊ?"

आबांचा मुक्काम

घरी आलो तेव्हा आबा आधीच येऊन बसले होते, घोंगडीसकट. त्यांनी दारामागं ओल्या वाळूत मडकं पुरून इन्सुलिनसाठी जागा केली होती. आमच्याकडे फ्रिज नाही, म्हणून इन्सुलिन कसं ठेवायचं ते त्यांनी रफिकभाईंना विचारलं होतं.

पुढच्या मासिक वजनाच्या आदल्या दिवशी मी सकाळची सुई घेतली नाही. खोटं का बोलू. एक दिवसानं काय होतं, असं वाटलं. रोज सुई काढली की मडक्यावरचं फडकं मी परत ओलं करायचो, ते कोरडं बघून आबांनी ओळखलं. जवळ येऊन म्हणाले, "मेंढरानं औषधाला तोंड मिटलं की आपण काय करतो, म्हाईत हाय ना?"

मला माहीत होतं. दोन्ही गुडघ्यांत मान धरायची आणि बांबूच्या नळीनं पाजायचं. लहानपणी मान मीच धरायचो.

"तुझी मान बसंल अजून माझ्या गुडघ्यात," आबा म्हणाले.

मी सुई घेतली. त्यानंतर एकही चुकवली नाही.

आणि मग जे सुरू झालं त्याचं वर्णन करायला मला शब्द पुरत नाहीत. तीन आठवड्यांत डोळ्यांवरचं धुकं गेलं. रात्रीची सलग झोप म्हणजे काय ते कळलं. मला वाटायचं, माणूस चाळिशीत असाच थकतो. नाही, तो आजार होता. सकाळी मी आणि आबा कालव्याच्या कडेनं चालायचो, ते पुढं, मी मागं. सुनीतानं ज्वारीची भाकरी मोजून द्यायला सुरुवात केली आणि मी परत मागणं बंद केलं, कारण आता पोट भरत होतं. वजन वाढत होतं आणि साखर उतरत होती. मॅडमनी इन्सुलिन निम्मं केलं, पुढं गोळ्यांवर आणलं. त्या दिवशी मी बीडच्या बसस्थानकावर अनोळखी माणसाला चहा पाजला. बिनसाखरेचा. त्याला आवडला नाही.

शेवटचं वजन

हंगामाची शेवटची मोळी टाकली त्या दिवशी टाइम ऑफिससमोर मांडव होता. साहेब, खातेप्रमुख, शंभरेक कर्मचारी. रफिकभाई एकेकाला काट्यावर घेत होते. मी चढलो. एक्क्याण्णव. माझं नाव यादीत पहिल्यावरून नवव्या नंबरावर गेलं. मागून कुणीतरी म्हणालं, "दवाखान्यात लई चरला वाटतं."

साहेब म्हणाले, "सहा किलो, म्हणजे सहा हजार. अभिनंदन."

मी म्हणालो, "साहेब, दीड किलो रस होता."

त्यांना कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. मोबाईल, किल्ल्या, चार ग्लास. रफिकभाईंनी परत बोलावलं होतं, मी का गेलो नाही. दोन महिने यादीत पहिला होतो, तेव्हा माझं शरीर आतून कसं जळत होतं. शेवटी म्हणालो, "ज्यानं चालून घटवलंय त्याला पैसे द्या. पण खाऊन-पिऊन ज्याचं आपोआप घटलंय, त्याला पैशाच्या आधी रक्त तपासायला सांगा. हे पैसे मला नकोत."

अंगद पहिला आला होता, आठ किलो, सगळे चालून. रसाचं नाव निघाल्यावर त्याची मान खाली गेली होती. तो उठला आणि म्हणाला, "साहेब, चार ग्लास माझे बी धरा." मग शर्टाची बाही वर करून रफिकभाईंसमोर जाऊन बसला. "बघा माझी. पैसे नंतर बघू."

एकशे सतरा. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "बघ बे. मी मेहनतीचा घटलोय." लोक हसले आणि त्याच हसण्यात दुसरा उठला, तिसरा उठला. ज्यांनी योजनेत नाव दिलं नव्हतं तेही उठले. अर्ध्या तासात रफिकभाईंच्या तपासायच्या पट्ट्या संपल्या. साहेबांनी तिथल्या तिथं सांगितलं की पुढच्या हंगामापासून वजनासोबत साखर तपासल्याशिवाय कुणाला रुपया मिळणार नाही, आणि पट्ट्या आज रात्रीच मागवा.

"मग सगळ्यांनी उद्या सकाळी सातला या," रफिकभाई म्हणाले. "उपाशीपोटी. चहासुद्धा नाही."

मला वाटलं होतं, आठ-दहा येतील. सकाळी सातला टाइम ऑफिससमोर बेचाळीस माणसं उभी होती. कारखान्याची माणसं, आणि एकाच्याही हातात चहाचा कप नाही. समोरच्या टपरीवाल्यानं दोनदा येऊन कुणी मेलंय का विचारलं. अंगद पुढून ओरडत होता, "रफिकभाई, हात उचला लवकर, चहावाचून जीव चाललाय."

मी सत्ताविसावा होतो. रांग हळूहळू पुढं सरकत होती आणि मी बोट आधीच पुसून तयार ठेवलं होतं.